फोन नाही, लोकेशन नाही. मग व्हॅन गॉग बंधू एकमेकांना गाठायचे तरी कसे?

समजा तुमचा मोठा भाऊ दुसऱ्या देशात राहतोय. तुमच्याकडे यायचं त्याचं ठरलंय, पण आत्ता नाही, तीन-चार महिन्यांनी. तुमची खोली लहान आहे, तोवर मोठी जागा बघू, असं तुम्ही त्याला पत्रानं कळवलंय. आणि एक दिवस तुम्ही कामात असताना एक माणूस येतो आणि तुमच्या हातात चिठ्ठी ठेवतो. अक्षर भावाचं. मजकुराचा मतलब एवढाच, की मी आलोय. एकदम आलो म्हणून चिडू नकोस. दुपारी बारापासून म्युझियमच्या अमुक दालनात थांबतो, कधी येतोस ते कळव.

तुमची पहिली प्रतिक्रिया काय असेल ते तुम्हीच ठरवा.

हे खरंच घडलंय. साल १८८६, फेब्रुवारीचे शेवटचे दिवस. शहर पॅरिस. चिठ्ठी पाठवणारा भाऊ म्हणजे विन्सेंट व्हॅन गॉग. ती ज्याच्या हातात पडली तो त्याचा चार वर्षांनी लहान भाऊ थिओ. म्युझियम म्हणजे लूव्र, आणि भेटीची जागा तिथलं ‘साल कारे’ नावाचं चौकोनी दालन.

विन्सेंट तेव्हा बेल्जियममधल्या अँटवर्पला होता. पॅरिसला जायचं की नाही, कधी जायचं, यावर दोघांची कितीतरी पत्रं झाली होती. थिओचं म्हणणं होतं, जूनपर्यंत थांब. विन्सेंटला काही थांबवेना. त्यानं ट्रेन पकडली, पॅरिसला उतरला आणि मग कळवलं. आधी कळवलं असतं तर ‘नको’ असं उत्तर येणार, हे त्याला माहीत असणार. पुढचे काही महिने दोघं भाऊ थिओच्या त्याच लहान जागेत राहिले. मोठं घर मिळालं ते जूनमध्येच, रु लपिक या रस्त्यावर, ५४ नंबरला.

विन्सेंट व्हॅन गॉग म्हटलं की आपल्याला सूर्यफुलं आठवतात, कापलेला कान आठवतो, फार तर ‘भावाला लिहिलेली पत्रं’ आठवतात. पण ती पत्रं नीट वाचली की एक गंमत लक्षात येते. त्यात चित्रकलेइतकीच चर्चा एका साध्या घरगुती गोष्टीची आहे. कुणी, कधी, कुठे, कुणाकडे जायचं? पैसे कुठून आणायचे? कोण कोणाला घ्यायला येणार? आज आपण फॅमिली ग्रुपवर जे करतो तेच. फक्त इथे एका मेसेजचं उत्तर यायला दोन दिवस लागायचे.

तर हे सगळं चालायचं कसं, आणि शेवटी नेमकं कुठे अडलं, ते बघू.

आधी ही भावंडं युरोपभर पसरली कशी?

वडील नेदरलँड्समध्ये पाद्री. पगार बेताचा, मुलं सहा. पण काका चित्रांच्या धंद्यात होते, गुपिल नावाच्या मोठ्या आर्ट डीलर कंपनीत त्यांची भागीदारी होती. काकांच्या ओळखीनं विन्सेंट १८६९ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी कंपनीच्या हेगच्या शाखेत लागला. थिओ जानेवारी १८७३ मध्ये ब्रसेल्सच्या शाखेत लागला. त्याच वर्षी विन्सेंटची लंडनला बदली झाली आणि वर्ष संपायच्या आत थिओ ब्रसेल्सहून हेगला गेला. म्हणजे बदलीची नोकरी. एक भाऊ येतो, दुसरा जातो.

दोघांमधलं आज उपलब्ध असलेलं पहिलं पत्र सप्टेंबर १८७२ चं. थिओ हेगला भावाकडे राहून घरी परत गेला होता, आणि तो गेल्यावर चुकल्यासारखं वाटतंय असं विन्सेंटनं लिहिलं. म्हणजे या सगळ्या पत्रव्यवहाराची सुरुवातच मुळी एका प्रवासानंतर झाली. तिथून १८९० पर्यंत विन्सेंटनं लिहिलेली साधारण साडेसहाशे पत्रं एकट्या थिओच्या नावे आहेत. थिओची उत्तरं मात्र चाळीसच्या आसपासच उरली. कारण सोपं आहे. थिओ कागद जपून ठेवायचा, विन्सेंट ठेवायचा नाही.

बरं, पत्र पोचायचं किती दिवसांत?

आपल्याला वाटतं तेवढं हळू नव्हतं हे. पॅरिससारख्या शहरात पोस्टमन दिवसातून अनेकदा यायचा. सकाळी टाकलेली चिठ्ठी शहरातल्या शहरात त्याच दिवशी मिळायची. १८७९ पासून तर पॅरिसमध्ये जमिनीखालच्या नळ्यांतून हवेच्या दाबानं चिठ्ठ्या ढकलायची सेवा सामान्य लोकांसाठी खुली झाली होती. गावाबाहेर पत्र ट्रेननं जायचं. म्हणजे माणूस जेवढ्या वेगानं प्रवास करू शकायचा, पत्रही साधारण तेवढ्याच वेगानं. फ्रान्सच्या दक्षिणेहून पॅरिसला पत्र एक-दोन दिवसांत मिळायचं.

देश बदलला की आधी भानगड असायची. प्रत्येक दोन देशांमधले टपालाचे दर वेगळे, करार वेगळे. १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे करार झाला आणि १ जुलै १८७५ पासून सदस्य देशांमध्ये साधारण एकसारखे दर लागू झाले. फ्रान्स जरा उशिरा, १ जानेवारी १८७६ ला त्यात आला. हेग, लंडन, पॅरिस अशा तीन टोकांना विखुरलेल्या कुटुंबासाठी ही किती सोय असेल विचार करा.

पत्ताच ठरलेला नसेल तर ‘पोस्ट रेस्टांट’ होतं. म्हणजे पत्रावर माणसाचं नाव आणि शहर लिहायचं. ते तिथल्या पोस्टात पडून राहणार आणि माणूस स्वतः जाऊन घेणार. फिरत्या माणसासाठी भेटीची पक्की जागा पोस्ट ऑफिस. आणि अगदीच तातडी असेल तर तार. पण तारेला शब्दामागे पैसे, शिवाय तार आली की आधी सगळ्यांच्या पोटात गोळा. १८८५ च्या मार्चमध्ये वडील अचानक गेले, ती बातमी थिओला पॅरिसमध्ये तारेनंच कळली.

वेळापत्रक मिळायचं. ब्रॅडशॉची युरोपभरच्या रेल्वेची मार्गदर्शिका १८४७ पासून निघत होती, १८७३ पासून थॉमस कुकचंही वेळापत्रक आलं. पण घड्याळाचं काय? अँटवर्पच्या विन्सेंटनं ट्रेन पकडली तेव्हा बेल्जियमच्या रेल्वेचं घड्याळ पॅरिसच्या सुमारे आठ मिनिटं पुढे होतं. फ्रान्समध्ये प्रत्येक गावाची आपली सूर्यावरची वेळ होती. आर्ल या गावी दुपारचे बारा वाजायचे तेव्हा पॅरिसमध्ये बाराला नऊ मिनिटं कमी असायची. संपूर्ण देशाला पॅरिसची वेळ कायद्यानं लागू झाली ती १८९१ मध्ये. त्यातही फ्रेंच रेल्वेची एक प्रेमळ लबाडी होती. स्टेशनाच्या बाहेरचं घड्याळ पॅरिसची वेळ दाखवायचं आणि आतलं, फलाटावरचं, मुद्दाम पाच मिनिटं मागे ठेवलेलं असायचं. उशिरा आलेल्या प्रवाशाची गाडी चुकू नये म्हणून. ही पद्धत विसाव्या शतकापर्यंत चालली. (आपल्याकडच्या लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त आणि घरच्यांनी सांगितलेली वेळ यांच्यात जे नातं असतं, तेच.)

आणि पैसे नसले की? चालत.

१८७६ च्या जूनमध्ये विन्सेंट इंग्लंडच्या रॅम्सगेट गावी एका शाळेत बिनपगारी शिकवत होता. त्याची बहीण ॲना लंडनच्या उत्तरेला वेलविन गावात नोकरीला होती. गडी पायी निघाला. कँटरबरी, चॅटम करत लंडन, मग लंडनहून पहाटे चारला निघून संध्याकाळी पाचला बहिणीच्या दारात. एकूण शे-दीडशे किलोमीटरचा मामला. हे सगळं त्यानं नंतर थिओला पत्रात लिहिलं, तेही तक्रारीच्या नव्हे, अगदी खुशीच्या सुरात.

पण भेट झाली म्हणजे सगळं गोड झालं असं नसतं. ऑगस्ट १८७९ मध्ये थिओ बेल्जियमच्या कोळसा खाणींच्या भागात विन्सेंटला भेटायला गेला. विन्सेंट तिथे धर्मप्रचारक म्हणून गेला होता, ते काम सुटलं होतं, पुढे काय ते ठरत नव्हतं. धाकट्यानं थोरल्याला समजावलं, की बाबा रे काहीतरी कर, असं घरच्यांवर ओझं होऊन किती दिवस? थोरल्याला ते लागलं. त्यानंतर जवळपास वर्षभर पत्र बंद. ट्रेन होती, पोस्ट होतं, पत्ता माहीत होता, तरी बंद. पुढे जून १८८० मध्ये विन्सेंटनं पुन्हा लिहिलं, आणि लिहायचं निमित्त काय, तर थिओनं घरच्यांमार्फत पाठवलेले पन्नास फ्रँक.

हे पन्नास फ्रँक लक्षात ठेवा. पुढची दहा वर्षं विन्सेंटचं भाडं, रंग, कॅनव्हास, जेवण आणि प्रवास, सगळं थिओच्या पाकिटांवर चाललं. त्यामुळे ‘मी येतो’ असं विन्सेंट लिहायचा तेव्हा त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘तिकिटाचे पाठव’ असाही असायचा. एकाच्या हातात पैसे आणि दुसऱ्याच्या हातात वेळ असला की प्रवासाचं ठरवताना जी अवघड शांतता पसरते, ती भावंडं असलेल्या कुणालाही सांगायला नको.

आता १८८८. दोन वर्षं पॅरिसमध्ये एकत्र राहून दोघंही दमले होते. फेब्रुवारीत विन्सेंट ट्रेननं दक्षिणेला आर्लला गेला. ऊन शोधायला गेलेला माणूस उतरला तेव्हा तिथे दोन फूट बर्फ होतं.

तिथे त्यानं पिवळ्या रंगाचं घर भाड्यानं घेतलं आणि त्याच्या डोक्यात आलं, की चित्रकारांनी एकत्र राहावं. पहिला पाहुणा म्हणून पॉल गोगँ हवा. गोगँ होता फ्रान्सच्या पार दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीमधल्या पाँताव्हेन गावात. कर्जबाजारी आणि आजारी. मग सुरू झाली तीन कोनांची पत्रापत्री. आर्लहून पॅरिस, पॅरिसहून पाँताव्हेन, तिथून परत आर्ल. यात मधला माणूस थिओ. गोगँची चित्रं विकायची, त्याला दरमहा पैसे द्यायचे, त्याचं भाडं भागवायचं, आणि इकडे भावाला धीर द्यायचा की येईल, येईल. गोगँ आज येतो उद्या येतो करत महिने गेले. शेवटी त्याची ट्रंक आधी रवाना झाली तेव्हा विन्सेंटचा विश्वास बसला. २३ ऑक्टोबरला गोगँ पोचला तोही अंधार असताना. इतक्या पहाटे दार कसं वाजवायचं म्हणून तो स्टेशनजवळच्या कॅफेत जाऊन बसला, तर मालकानं त्याला ओळखलं. विन्सेंटनं गोगँचं चित्र आधीच त्याला दाखवून ठेवलं होतं! घ्यायला स्टेशनवर जाता येत नसेल तर हा उपायही वाईट नाही.

दोन महिन्यांत हे घर मोडलं. २३ डिसेंबरच्या रात्री विन्सेंटनं स्वतःचा कान कापला.

इकडे पॅरिसमध्ये त्याच आठवड्यात थिओचं लग्न ठरलं होतं. मुलगी योहाना बोंगर, सगळे तिला यो म्हणायचे. ती पॅरिसमध्ये आपल्या भावाकडे आली होती. दोघांनी मिळून हॉलंडला जायचं, घरच्यांना भेटायचं, असं ठरलं होतं. २४ तारखेला गोगँची तार आली. यो हॉलंडला गेली आणि थिओनं संध्याकाळी सव्वासातची दक्षिणेकडे जाणारी गाडी पकडली. ख्रिसमसची रात्र, साडेसातशे किलोमीटरहून जास्त अंतर आणि समोर काय वाढून ठेवलंय याचा पत्ता नाही. तारेत मावतं तेवढंच कळलेलं. सकाळी हॉस्पिटल, भावाच्या उशाशी काही तास आणि मग परत पॅरिस. नोकरी होती.

आता एक तथ्य सांगतो, जे मला स्वतःला पहिल्यांदा वाचताना खरं वाटलं नव्हतं. त्या ख्रिसमसनंतर हे दोघं भाऊ जवळपास सतरा महिने भेटलेच नाहीत. एकदाही नाही. विन्सेंटला पुन्हा झटके आले, गावकऱ्यांनी त्याच्याविरुद्ध अर्ज केला, तो हॉस्पिटलमध्ये होता, मे १८८९ मध्ये तो सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात स्वतःहून दाखल झाला आणि तिथे वर्षभर राहिला. थिओ एकदाही गेला नाही. एप्रिल १८८९ मध्ये ॲमस्टरडॅमला थिओचं लग्न झालं, तिथे विन्सेंट नव्हता.

थिओला भावाची पर्वा नव्हती का? उलट. या काळातली पत्रं वाचली तर कळतं, की तो जाऊ शकत नव्हता म्हणून त्यानं दुसरी माणसं जोडली. आर्लचा पाद्री साल त्याला खुशाली कळवायचा. जोसेफ रुलँ, ज्याची विन्सेंटनं काढलेली दाढीवाली चित्रं तुम्ही पाहिली असतील, तो आर्लच्या स्टेशनवर टपालाच्या पिशव्या चढवण्या-उतरवण्याचं काम बघायचा. तो थिओला पत्रं लिहायचा. आणि मार्च १८८९ मध्ये चित्रकार पॉल सिन्याक भूमध्य समुद्राकाठी चालला होता, त्याला थिओनं सांगितलं की वाटेत आर्लला उतर आणि भावाला बघून ये. सिन्याक उतरला, विन्सेंटला भेटला, आणि त्याची तब्येत बरी वाटतेय असं थिओला कळवलं. ‘तू त्याच बाजूला चाललायस ना, जरा डोकावून ये’ हे आपल्याकडचं वाक्य. तिथेही चालायचं.

मे १८९० मध्ये विन्सेंटला सँ-रेमी सोडायचं होतं. पॅरिसजवळ ओव्हेर नावाचं गाव आहे, तिथे डॉक्टर गाशे राहायचे. चित्रकारांचे मित्र, मनोविकारांचा अभ्यास असलेले. त्यांच्या नजरेखाली राहावं असं ठरलं. प्रश्न होता प्रवासाचा. थिओला वाटत होतं की रात्रभराच्या प्रवासात सोबतीला कुणीतरी हवं. रेल्वेत झटका आला तर? विन्सेंट हट्टाला पेटला, मी एकटा येणार. फार तर तारास्कों स्टेशनपर्यंत कुणी सोडावं, पुढे नको. मोठ्या माणसाला पहारेकऱ्यासोबत प्रवास करायला लावणं त्याला अपमानाचं वाटत होतं, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तार आली, रात्रीच्या गाडीनं निघतोय, उद्या सकाळी दहाला पॅरिस. यो पुढे लिहिते, की त्या रात्री थिओ काळजीनं झोपू शकला नाही. सकाळी तो गार द लिओं स्टेशनवर गेला. यो घरी खिडकीत उभी. स्टेशनपासून त्यांचं घर लांब, वेळ जाता जाईना, तिला वाटलं काहीतरी बिनसलं. मग रस्त्यात उघडी घोडागाडी दिसली, त्यात दोन हसरे चेहरे. तिला वाटलं होतं आजारी माणूस येणार, तर जिना चढून आला धट्टाकट्टा, रुंद खांद्यांचा गडी. तिच्या मनात आलेला पहिला विचार हा, की हा तर थिओपेक्षा तब्येतीनं बरा दिसतोय. पाळण्यात साडेतीन महिन्यांचं बाळ होतं. त्याचं नाव विन्सेंटच ठेवलेलं.

तीन दिवसांनी, २० मे रोजी, विन्सेंट ओव्हेरला गेला. पॅरिसपासून जेमतेम तीस किलोमीटर, ट्रेननं तासाभराचं अंतर. आठशे किलोमीटरवरचा भाऊ आता तासावर आला. आता सगळं सोपं व्हायला हवं होतं ना?

८ जूनचा रविवार खरंच तसा गेला. थिओ, यो आणि बाळ ओव्हेरला आले. विन्सेंट त्यांना घ्यायला स्टेशनवर गेला तो हातात पक्ष्याचं घरटं घेऊन, पुतण्याला खेळायला. डॉक्टर गाशेंकडे जेवण झालं, बागेतले प्राणी बाळाला दाखवून झाले, सगळे खुशीत.

मग महिनाअखेरीला बाळ आजारी पडलं. थिओचं मालकांशी बिनसलं, नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढू का, असं त्यानं भावाला लिहिलं. आणि याच सुमारास विषय निघाला सुट्टीचा.

थिओ आणि योला सुट्टीत हॉलंडला जायचं होतं. घरच्यांना बाळ दाखवायचं होतं. विन्सेंटचं म्हणणं होतं, की आजारी बाळाला घेऊन एवढा प्रवास कशाला? खर्चही फार. त्यापेक्षा ओव्हेरला या, इथली हवा चांगली आहे, महिनाभर राहा. सुट्टी सासरी, माहेरी की दिराकडे? हा वाद कुठल्या घरात झालेला नाही सांगा. ६ जुलैच्या रविवारी विन्सेंट पॅरिसला आला. घरात आजारपणाचा थकवा, पैशांची बोलणी, पाहुण्यांची ये-जा. दिवस बिघडला. आणखी एक चित्रकार मित्र भेटायला येणार होता, त्याची वाटही न बघता विन्सेंट त्याच दिवशी परत फिरला. नंतरच्या पत्रात त्यानं लिहिलं, की आपल्या पायाखालची जमीनच हलल्यासारखी झालीय. आपण भावावर ओझं आहोत, ही भीती त्याच्या मनात पहिल्यापासून होती.

१५ जुलैला थिओ बायको-मुलाला घेऊन हॉलंडला गेला. त्यांना तिथे सोडून, धंद्याची थोडी कामं उरकून तो तीन-चार दिवसांत एकटाच पॅरिसला परतला. ओव्हेर तासावर होतं. पण तो गेला नाही, आणि विन्सेंटही आला नाही. पत्रं मात्र चालू होती. २३ जुलैला विन्सेंटनं एक पत्र लिहायला घेतलं, ते पाठवलं नाही, दुसरंच लिहून पाठवलं.

२७ जुलै, रविवार. संध्याकाळी विन्सेंट खानावळीत परतला तेव्हा त्याच्या छातीच्या खाली गोळी लागलेली होती. डॉक्टर गाशे आले. त्यांनी विचारलं, थिओचा घरचा पत्ता दे, कळवायला हवं.

विन्सेंटनं पत्ता द्यायला नकार दिला.

वर्षभर ज्या पत्त्यावर तो पत्रं पाठवत होता, ज्या घरी तीन आठवड्यांपूर्वी तो जाऊन आला होता, तो पत्ता. ८ नंबर, सिते पिगाल. न विसरण्यासारखा. पण गाशेंना तो ठाऊक नव्हता, त्यांना माहीत होतं फक्त थिओच्या गॅलरीचं नाव. आणि गॅलरीत थिओ भेटणार तो सोमवारी सकाळी. मग गाशेंनी चिठ्ठी लिहिली. त्याच खानावळीत राहणारा तरुण डच चित्रकार अंतोन हिर्शिख ती घेऊन सोमवारी सकाळी पॅरिसला गेला आणि थिओच्या हातात दिली.

चार वर्षांपूर्वी असाच एक माणूस थिओकडे चिठ्ठी घेऊन आला होता.

थिओ हातातलं काम टाकून तसाच निघाला. दुपारी ओव्हेरला पोचला. विन्सेंट शुद्धीवर होता, बोलत होता, पाइप ओढत होता. थिओनं त्याच दिवशी योला हॉलंडला पत्र लिहिलं, पण ती घाबरू नये म्हणून सगळं स्पष्ट लिहिलं नाही. रात्री तो भावाच्या शेजारी बसून राहिला. २९ जुलैला पहाटे दीडच्या सुमारास विन्सेंट गेला. सदतीस वर्षांचा होता. न पाठवलेलं ते पत्र त्याच्या कपड्यांत सापडलं.

थिओची तब्येत आधीच ढासळलेली होती. सहा महिन्यांत, २५ जानेवारी १८९१ ला, तोही नेदरलँड्समधल्या उट्रेख्त इथे गेला आणि तिथेच पुरला गेला. एक भाऊ फ्रान्समध्ये, एक नेदरलँड्समध्ये.

यो तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. कुणी न विकत घेतलेली चित्रं आणि पत्रांनी भरलेला खण तिच्याकडे आला. चित्रं जगापुढे न्यायचं काम तिनं पुढे आयुष्यभर केलं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. १९१४ मध्ये तिनं थिओला लिहिलेली विन्सेंटची पत्रं छापून आणली. आणि त्याच वर्षी थिओचे अवशेष उट्रेख्तहून काढून ओव्हेरला नेले, गव्हाच्या शेतांना लागून असलेल्या स्मशानभूमीत. आज तिथे दोन सारखे दगड आहेत, शेजारी-शेजारी, आणि दोघांवर मिळून पसरलेली एकच वेल.